मिटलेली छत्री, उघडी छत्री

लिस्बनच्या रोसियो चौकात मी सकाळी दहाला पोचले, तेव्हा पिवळी छत्री घेतलेला तिशीतला एक मुलगा तिथे उभा होता आणि त्याच्याभोवती तेरा माणसं. मी चौदावी. आभाळात औषधालाही ढग नव्हता. मग छत्री कशाला? ते त्यानेच सांगितलं. "छत्री उघडी असेल तेव्हा मी सांगतोय त्याला कागदाचा आधार आहे असं समजा. मिटलेली असेल तर ती नुसती गोष्ट. ऐकायला गोड लागते म्हणून सांगतो, घरी जाऊन शपथेवर सांगू नका."

मी एकतीस वर्षं एका बँकेत कॅशियर होते. खऱ्या आणि खोट्या नोटांचे गठ्ठे वेगळे ठेवणारा माणूस मला पहिल्या मिनिटालाच आवडला.

तसं मला तिथे लेकीने ढकललं होतं. ती परिषदेला आलेली आणि मी तिच्या खोलीत दुसरा पलंग रिकामा आहे म्हणून आलेली. "आई, दिवसभर खोलीत बसून मोबाइलवर मालिका बघू नकोस," असं म्हणून तिने माझं नाव नोंदवून टाकलं. अडीच तास, पायी, इंग्रजीतून आणि पैसे शून्य. शून्य बघून मी चमकलेच. फुकट ते पौष्टिक ही म्हण किती खोटी आहे, ते काउंटरच्या ज्या बाजूला मी आयुष्य काढलं तिथून फार स्वच्छ दिसतं. पण त्या हिशेबाकडे मागाहून येते.

आमची पहिली युरोपवारी सहा वर्षांपूर्वीची. मी आणि हे. बारा दिवस, सात देश, एक बस. कुठल्या कंपनीची ते जाऊ दे. जेवण वेळेवर मिळालं, त्यात वरणभातही असायचा, तक्रारीला जागा नाही. पण आज त्यातलं काय आठवतं? स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी शोधणं, पुढच्या सीटवरून नागपूरच्या एका कुटुंबाशी झालेली कुरबुर आणि संध्याकाळच्या भेंड्या. शहरं आठवत नाहीत, शहरांच्या बाहेरचे वाहनतळ आठवतात. ह्यांचे गुडघे तेव्हाच गेले होते, त्यामुळे त्या बसला मी नावं ठेवणार नाही. ज्यांना परमुलखात पाणी मागायचीसुद्धा धास्ती वाटते, त्यांना ती बस म्हणजे माहेरचं माणूस. फक्त तिच्यातून उतरून आलेल्याने "आम्ही युरोप केला" असं म्हणू नये, एवढंच.

तर रोसियो. या चौकाची फरशी काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची आहे. चालताना पायाखाली पाणी हेलकावतंय असं खरोखर वाटतं, आणि चाळिशीच्या चष्म्यातून तर जास्तच. या दगडी नक्षीची लिस्बनमधली सुरुवात १८४२ साली वरच्या सांव जॉर्ज किल्ल्यावर झाली आणि ती केली कैद्यांनी. छत्री उघडी होती. चौकाच्या मधोमध उंच खांबावर राजा चौथा पेद्रो उभा आहे. तिथे आल्यावर छत्री मिटली. म्हणे, हा पेद्रो नव्हेच. मेक्सिकोच्या बादशहाचा, मॅक्सिमिलियनचा पुतळा युरोपात घडत होता, तेवढ्यात त्याला तिकडे गोळ्या घातल्या, पुतळा पडून राहिला आणि लिस्बनने तो स्वस्तात उचलला. सगळे हसले. "खोटं आहे," तो म्हणाला, "पण इतक्या उंचावर तोंड कोणाला दिसतंय?"

त्याचा आवाज मोठा होता. आमच्या नाशकात अशा माणसाला नारोशंकराची घंटा म्हणतात. ट्रामच्या खडखडाटावर, दोन शाळांच्या सहलींवर आणि एका भोंगेवाल्या गटावर मात करून तो शब्द न् शब्द पोचवत होता. नाट्यगृहासमोर, म्हणजे १८४६ च्या पांढऱ्या खांबांच्या राष्ट्रीय नाट्यगृहासमोर, त्याने सांगितलं की याच जागी एस्ताउश राजवाडा होता आणि त्यात इन्क्विझिशनची, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाची, कचेरी. पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशन आलं १५३६ साली. छत्री उघडी. मग तो आम्हाला कोपऱ्यावरून पलीकडच्या छोट्या चौकात, सांव दोमिंगुशच्या चर्चसमोर घेऊन गेला, आणि तिथे त्या घंटेचा आवाज एकदम खाली आला.

एप्रिल १५०६. शहरात प्लेग होता, पाऊस नव्हता, लोक या चर्चमध्ये प्रार्थनेला जमलेले. क्रूसावर कुणाला तरी उजेड दिसला. चमत्कार म्हणून गलका झाला. गर्दीतला एक जण म्हणाला, अहो, मेणबत्तीचा उजेड पडला असेल. हा माणूस 'नवा ख्रिस्ती' होता, म्हणजे १४९७ साली राजा मॅन्युएलने बळजबरीने धर्म बदलायला लावलेल्या ज्यूंपैकी. त्याला तिथेच मारलं. त्यानंतर तीन दिवस घराघरातून माणसं ओढून काढली, चौकात जाळली. दोन हजारांपासून चार हजारांपर्यंत मेली असा अंदाज आहे. चिथावणी दिली ती याच मठातल्या धर्मगुरूंनी. राजा शहराबाहेर होता. परतल्यावर त्याने म्होरक्यांना देहान्त शिक्षा दिली, त्यात दोन धर्मगुरूही होते.

हे सगळं त्याने स्वतःच्या गावाबद्दल, परक्या चौदा माणसांना, कुठेही 'पण' न लावता सांगितलं. 'तेव्हाचा काळच तसा होता' नाही, 'दोन्ही बाजूंचं' नाही, 'बाहेरून आलेल्या लोकांनी' नाही. मेणबत्तीच्या उजेडाबद्दल खरं बोललेला एक माणूस आणि त्यापायी तीन दिवस. चौकात २००८ साली बसवलेला एक दगड आहे, अर्धा गोल, त्यावर दाविदाचा तारा. पाचशे दोन वर्षं लागली तो दगड बसायला. त्या दगडाशेजारीच आता गिनीकडचे आफ्रिकी लोक उन्हात गप्पा मारत उभे असतात, कोला नट विकत असतात. समोर १८४० पासूनचं चेरीच्या दारूचं टीचभर दुकान. चेरीसकट की चेरीवाचून, एवढाच प्रश्न तिथे विचारतात. मी चेरीसकट घेतली. लेकीला सांगितलेलं नाही, ती हा लेख वाचेल तेव्हा कळेल.

चर्चच्या आत पाच मिनिटं मिळाली. १९५९ साली आग लागून ते आतून जळालं, १९९४ साली पुन्हा उघडलं, आणि उघडताना त्यांनी भाजलेले, तडकलेले खांब तसेच ठेवले. आपण असतो तर गिलावा करून, वर ऑइल पेंट मारून, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी ठोकून मोकळे झालो असतो.

वर कार्मोच्या मठाकडे जायला १९०२ सालची एक लोखंडी लिफ्ट आहे. तिला एवढी रांग, की आमच्यातली दोन माणसं त्या रांगेत राहिली ती राहिलीच. बाकीच्यांना त्याने मागच्या चढाने पायी वर नेलं. कार्मोच्या चर्चला छप्पर नाही. टोकदार कमानी तेवढ्या उभ्या, वर निळं आभाळ. सगळ्यांनी फोन काढले. १ नोव्हेंबर १७५५, सर्व संतांचा दिवस, सकाळी साडेनऊच्या सुमारास लोक चर्चमध्ये असताना भूकंप झाला. देवळादेवळांत मेणबत्त्या लागलेल्या, त्यामुळे आगी. जे नदीकाठच्या मोकळ्या जागेत पळाले त्यांच्यावर थोड्या वेळाने समुद्र आला. तीस-चाळीस हजार माणसं गेली असं धरतात. नदीकाठी राजवाडा होता, त्यालगत 'कासा दा इंडिया', म्हणजे भारताशी चालणाऱ्या सगळ्या व्यापाराची कचेरी. ती कागदांसकट गेली. गोव्याचे, चौलचे, वसईचे कितीतरी हिशेब त्या दिवशी टागुस नदीच्या काठी राख झाले असतील. जळलेल्या खातेवहीइतकं वाईट कॅशियरला दुसरं काही वाटत नाही, म्हणून तेवढं मनात राहिलं.

आम्ही भारावून कमानींकडे बघत होतो तर तो म्हणाला, "एक मिनिट. तुम्ही ज्याचे फोटो काढताय तो निव्वळ भूकंपाचा अवशेष नाही. १७५६ साली इथे पुन्हा बांधकाम सुरू झालं, १८३४ साली राज्याने मठच बंद केले तेव्हा ते अर्धवट थांबलं. मधल्या भागातले हे खांब आणि कमानी त्या नंतरच्या बांधकामातल्या आहेत." चौदातल्या उरलेल्या बारा माणसांचे चेहरे पडले. गिऱ्हाइकाची हौस मोडणारा धंदेवाईक माणूस मी आयुष्यात फार कमी वेळा पाहिलाय.

कार्मोसमोरचा चौक लहान, जॅकरांडाच्या झाडांचा. त्या चौकात २५ एप्रिल १९७४ ला काय झालं, ते सांगताना त्याच्या डोळ्यांत जरा चमक आली. मध्यरात्रीनंतर रेडिओवर एक ठरावीक गाणं लागलं, तो इशारा. सकाळी तरुण लष्करी अधिकारी चिलखती गाड्या घेऊन शहरात शिरले. हुकूमशहा सालाझारचा वारस मार्सेलो कायतानो या चौकातल्या निमलष्करी दलाच्या कचेरीत लपला होता, कॅप्टन सालगेइरो माया बाहेर कर्णा घेऊन उभा, आणि चौक माणसांनी इतका भरलेला की लोक झाडांवर चढलेले. बंदुकीच्या नळीत लाल कार्नेशनची फुलं. संध्याकाळी सत्ता गेली. पुढच्या दोन दिवसांत काशियसच्या तुरुंगाचे दरवाजे उघडले आणि राजकीय कैदी बाहेर आले.

काशियस. हा शब्द मी ऐकलेला होता. वडिलांच्या कपाटात 'सतीचे वाण' होतं, मोहन रानड्यांचं. सांगलीचा हा माणूस आझाद गोमंतक दलात गेला, १९५५ साली बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्याला पोर्तुगालला नेलं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मोकळा झाला, रानडे झाले नाहीत. काशियसच्या किल्ल्यात ते बसून राहिले ते थेट जानेवारी १९६९ पर्यंत. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात जी धडपड झाली तिच्यात सुधीर फडके होते, हे आमच्या घरात गीतरामायणाइतकंच अभिमानाने सांगितलं जायचं. त्या जॅकरांडाखाली उभी राहून मला पहिल्यांदा कळलं, की रानड्यांना कोंडणारी माणसं आणि या पोराच्या आजोबांना कोंडणारी माणसं एकच होती. कारण त्याने नुकतंच सांगितलं होतं, त्याचे आजोबाही तिथे अकरा महिने होते. पोर्तुगालने गोवा भारताचा म्हणून मान्य केला तोही या क्रांतीनंतर, १९७४ च्या डिसेंबरात. सालाझारने गोव्याच्या गव्हर्नरला शेवटच्या माणसापर्यंत लढायला सांगितलं होतं. त्या वासालो ई सिल्व्हाने शरणागती पत्करून माणसं वाचवली आणि घरी आल्यावर लष्करातून बडतर्फ झाला. त्याची इभ्रतही १९७४ लाच परत मिळाली.

हे मी तिथे बोलले नाही. इंग्रजीत जुळवाजुळव करेपर्यंत छत्री पुढे निघाली होती.

बायशा म्हणजे खालचा सपाट भाग, भूकंपानंतर पोंबाल या कारभाऱ्याने नव्याने आखलेला. तो भराभर उरकला. सरळ रेषेतले रस्ते, भिंतींच्या आत लाकडाचा पिंजरा, भूकंपात घर हलेल पण कोसळणार नाही असा. त्याच्या चाचणीसाठी नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं होतं म्हणे. रस्त्यांना धंद्यांची नावं आहेत, सोन्याचा रस्ता, चांदीचा, मोच्यांचा, कापडवाल्यांचा. मला आपला सराफ बाजार, भांडी बाजार आठवला. पोंबालने प्रत्येक धर्मगुरूला एक प्रश्नावलीही पाठवली होती, की भूकंप किती वेळ टिकला, माणसं किती मेली, समुद्र आधी वर आला की आधी मागे गेला. आपत्तीनंतर देवाचा कोप मोजत न बसता असे प्रश्न विचारणारा कारभारी १७५६ साली होता, ही गोष्ट मला त्या सगळ्या इमारतींपेक्षा मोठी वाटली. माणूस म्हणून तो क्रूर होता, हेही छत्री उघडी ठेवूनच सांगितलं गेलं.

शेवट नदीकाठच्या विशाल चौकात. भव्य कमान, १८७३ साली पुरी झालेली, तिच्यावर पुतळे. त्यांतला एक वास्को द गामा. तिथे तो म्हणाला, "याने भारताचा समुद्रमार्ग शोधला. मिरी, दालचिनी, त्यातून हे शहर श्रीमंत झालं." आणि वळून नदीच्या रुंदीबद्दल बोलू लागला.

छत्री उघडी होती. बोलला त्यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. दोन वाक्यं, नि पुढे.

तेव्हा माझ्या डोक्यात पडला तो प्रकाश. ही छत्री खरं आणि खोटं वेगळं करते. वगळलेलं तिला दाखवता येत नाही. आमच्याकडे ऑडिटला पक्के ऑडिटर यायचे ते लिहिलेल्या नोंदी तपासत नसत, न केलेल्या नोंदी शोधत. ज्या मुलाने १५०६ च्या चौकात मान खाली घालून गावाचा गुन्हा सांगितला, तोच गावाबाहेर, बोटीने जाऊन केलेल्या गुन्ह्यापाशी आला तेव्हा दालचिनीवर निभावलं. आणि ते लबाडीने नव्हे. त्याला तिथे थांबायची जागाच दिसत नव्हती.

प्रश्न विचारा म्हणाला तेव्हा मी हात वर केला. रोसियोवरचं इन्क्विझिशन तुम्ही सांगितलं, तेच १५६० साली गोव्यात नेलं आणि १८१२ पर्यंत चालवलं, ते का नाही सांगितलं? तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "शाळेत आम्हाला जहाजं शिकवली. जहाजातून उतरल्यावर काय झालं ते नाही." मी त्याच्या हातातली छत्री मागून घेतली, उघडली, आणि माझ्या बँकेतल्या इंग्रजीत गार्सिया द ओर्ता सांगितला. नव्या ख्रिस्ती कुटुंबातला पोर्तुगीज वैद्य, गोव्यात आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा स्नेही आणि वैद्य झाला, मुंबई बेट त्याला भाडेपट्ट्याने मिळालं होतं. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने १५६३ साली गोव्यात ग्रंथ छापला. १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने जाळलं. १५८० साली त्याची स्वतःची हाडं कबरीतून उकरून काढून जाळली. वारल्यावर बारा वर्षांनी. १५०६ साली या गावात जे घडलं त्याची तार आमच्या नगरच्या दरबाराशी अशी जोडलेली आहे. अडीच मिनिटं बोलले असेन. त्याने फोनवर नाव टिपून घेतलं आणि बुऱ्हाणचं स्पेलिंग विचारलं.

ब्राझीलच्या एका बाईंनी मग मला सहज विचारलं, "तुमच्या गावात तुम्ही लोकांना काय दाखवता?" मी फुशारून रामकुंड, पंचवटी सांगितलं आणि पोर्तुगीज घंटाही सांगितली. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या विजयाची खूण म्हणून गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर टांगलेली, १७२१ साल कोरलेली. सगळ्यांना गंमत वाटली. माझं मात्र पुढचं वाक्य ओठांतच राहिलं. ही घंटा कोणत्या चर्चची, तिच्या आवाजाने वसईत कोण माणसं जागी व्हायची, हे आम्ही तिला इतकी वर्षं ऐकतो पण कधी विचारलं नाही.

आता हिशेब. फुकट सहलीचं गणित असं, की शेवटी टोपी फिरते आणि तीच वाटाड्याची कमाई. पुष्कळ ठिकाणी तर जमलेल्या डोक्यांमागे त्यालाच कंपनीला काही युरो मोजावे लागतात. म्हणजे रांगेत रमलेल्या त्या दोघांचे पैसे त्याच्या खिशातून गेले. बाराजणांत मी सवयीने नोटा मोजल्या. दहाच्या चार, पाचच्या चार, दोघांनी नाणी दिली आणि एक तरुण जोडीदारीण शोधण्याच्या मिषाने सटकला. मी पंधरा दिले. रुपयांत गुणाकार करायचा नाही, असं लेकीने बजावलं होतं, तरी मी केला. 'पगार' हा शब्द आपण पोर्तुगीजांकडूनच घेतला, त्यांच्यात 'पगार' म्हणजे पैसे देणे. इथे पगार घेणारा तो, देणारी मी, म्हणून मनातल्या मनात हसले. तो राहतो कुठे तर नदीपलीकडे, कारण ज्या गल्ल्या तो दाखवतो तिथलं भाडं त्याला परवडत नाही. तिथली घरं आमच्यासारख्यांना चार रात्रींसाठी दिली जातात. तेव्हा या पायी सहलींचे गोडवेच गायचं कारण नाही. चाळीस-चाळीस माणसांचे गट अरुंद जिन्यांवर अडकले की म्हातारीला पिशवी घेऊन घरी जाता येत नाही. व्हेनिसने २०२४ साली गटाला पंचवीस माणसांची मर्यादा घातली आणि भोंगे बंद केले, ते बरोबर केलं. माझं तर म्हणणं, पंचविसही जास्त. चौदा ठीक. चौदा माणसांत एखादीला छत्री मागता येते.

आणि माझं सांगणं आहे ते नाशिकसाठी. २०२७ च्या सिंहस्थासाठी घाट, रस्ते, पूल यांची कामं निघाली आहेत, निघावीतच. पण देशोदेशीची माणसं येणार त्यांना हे गाव सांगणार कोण? आज सांगतात ते रिक्षावाले आणि देवळाबाहेरची मुलं. पाठ केलेलं, एका दमात. इथे शूर्पणखेचं नाक कापलं, हे पाच वड, ही सीतागुंफा, उतरा, पुढची गाडी. मी त्यांना दोष देत नाही, पोटासाठी आहे ते. पण पन्नास-साठ मुलंमुली निवडून, त्यांना वर्षभर शिकवून, पगार देऊन, दोन तासांच्या पायवाटा आखायला काही पुलाइतका खर्च येत नाही. आमच्याकडे मिटलेल्या छत्रीच्या गोष्टी तर इतक्या आहेत की छत्री उघडायला वेळच मिळायचा नाही. त्या गोष्टी सांगाव्यात, प्रेमाने सांगाव्यात, मला स्वतःला त्या आवडतात. फक्त मिटलेली आणि उघडी, दोन्ही ठाऊक असलेला माणूस हवा. आणि ज्या जागेपाशी आपले पाय आपोआप भरभर पडतात, तिथे थांबणारा हवा.

माझे कुठे पडतात ते मला त्या रात्री हॉटेलात झोप लागेना तेव्हा कळलं. लग्न होऊन पंचवटीत आले त्याला अडतीस वर्षं झाली. पाहुणे आले की काळाराम मंदिर दाखवायचं काम माझं. काळा दगड, पेशवाईतलं काम, सरदार ओढेकर, मूर्ती, सभामंडप, प्रसाद. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्याबरोबर हजारो माणसं या देवळाच्या दारांशी आली आणि दारं बंद झाली, हे मी एकाही पाहुण्याला सांगितलेलं नाही. ती माणसं दारांशी बसून राहिली. रामनवमीच्या रथावरून मारहाण झाली. सत्याग्रह थांबत-चालत पाच वर्षं रेंगाळला आणि १९३५ च्या ऑक्टोबरात आमच्याच जिल्ह्यात, येवल्याला, बाबासाहेबांनी सांगितलं की हिंदू म्हणून मरणार नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. बँकेत माझ्या शेजारच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईंचे आजोबा त्या दारात होते, डब्यातली भाकरी वाटून खाताना त्यांनी मला सांगितलं होतं. मी सांगत असे त्यातलं काही खोटं नव्हतं. दोन वाक्यं, नि पुढे.

गेल्या महिन्यात पुण्याहून नणंद आली, नवरा आणि नातू घेऊन. रामकुंडावरून आम्ही पायीच निघालो. नारोशंकरापाशी घंटा दाखवली, वसई सांगितली, चर्च सांगितलं. नातवाने वाजवता येते का विचारलं. मग बाजारातून काळारामाकडे. पूर्व दरवाजाशी आल्यावर मी चप्पल न काढता थांबले. ऊन होतं, म्हणून पिशवीतली माझी काळी छत्री काढून उघडली.

"वहिनी, चला ना, रांग वाढतेय," नणंद म्हणाली.

"वाढू दे. दोनच मिनिटं," मी म्हणाले, आणि नातवाला जवळ ओढून सुरुवात केली. "दोन मार्च एकोणीसशे तीस. रविवार होता. हे जे दार दिसतंय ना, हे त्या दिवशी बंद होतं."